टोकियोची पुस्तिका आणि हिंगण्याचे विद्यापीठ

पहिले महायुद्ध चालू असताना, १९१६ साली, पुण्यात स्थापन झालेल्या भारतवर्षीय महिला विद्यापीठाचा इतिहास बहुधा धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्राचा एक अध्याय म्हणून सांगितला जातो, आणि त्या अध्यायात जपानचा उल्लेख एखाद्या वाक्यात येऊन संपतो. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या वाचनात आली व त्यातून त्यांना आपल्या विद्यापीठाची कल्पना सुचली, एवढेच ते वाक्य सांगते. ते खरे आहे, परंतु ती पुस्तिका ज्या शिक्षणव्यवस्थेतून निघाली होती तिची रचना, तिचा खर्च कोण सोसत होते आणि तिला किती वर्षे लागली होती, हे पाहिल्याशिवाय पुण्यातील प्रयोगाचे मोठेपण कळत नाही आणि त्याच्या वाट्याला आलेल्या अडचणींचाही उलगडा होत नाही. जपानचे महिला विद्यापीठ हा राज्यसत्तेने तीस वर्षे बांधत आणलेल्या इमारतीचा वरचा मजला होता. मुंबई इलाख्यात, आणि त्याहूनही अधिक त्या इलाख्याला लागून असलेल्या जतसारख्या संस्थानी मुलखात, खालचे मजले उभेच नव्हते. कर्व्यांनी वरचा मजला आधी बांधायला घेतला, आणि त्याला तोलून धरण्यासाठी लागणाऱ्या भिंती पुढे वर्गण्या गोळा करून एकेक करीत उभ्या केल्या.

जपानमध्ये १८६८ साली शोगुनांची, म्हणजे लष्करी सत्ताधीशांची, सत्ता संपून सम्राट मेइजी यांच्या नावाने नवे शासन आले, आणि १८७१ मध्ये या शासनाने स्वतंत्र शिक्षण मंत्रालय निर्माण केले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७२ मध्ये, ‘गाकुसेइ’ नावाने ओळखली जाणारी शिक्षणसंहिता जाहीर झाली. तिची आखणी फ्रान्सच्या धर्तीवर केंद्राकडून खाली उतरत जाणारी होती : सगळ्या देशाचे आठ विद्यापीठ-विभाग, प्रत्येक विभागात बत्तीस माध्यमिक शाळा-क्षेत्रे आणि प्रत्येक क्षेत्रात दोनशे दहा प्राथमिक शाळा, अशा हिशेबाने कागदावर ५३,७६० प्राथमिक शाळांची योजना मांडली गेली. संहितेच्या प्रस्तावनेत गावात एकही अशिक्षित घर व घरात एकही अशिक्षित माणूस राहू नये असा हेतू सांगितलेला होता, आणि त्यात उमराव, शेतकरी, कारागीर, व्यापारी व स्त्रिया यांची नावे घेऊन कोणालाही वगळलेले नव्हते. ज्या समाजात शिक्षण हा काल-परवापर्यंत सामुराई वर्गाचा मान समजला जात होता, त्या समाजात सरकारने अशी भाषा वापरावी, हीच त्या काळी विलक्षण गोष्ट होती.

कागदावरची ही योजना लोकांनी आनंदाने स्वीकारली असे मात्र झाले नाही. शाळेची इमारत, शिक्षकाचा पगार आणि मुलाची फी यांचा भार गावावर व पालकांवर टाकलेला होता, शेतावर किंवा घरी काम करणारा हात शाळेत गेला तर होणारे नुकसान वेगळेच. त्यामुळे लष्करभरती व नव्या करांविरुद्ध उसळलेल्या शेतकऱ्यांच्या दंग्यांत काही भागांत नव्या शाळाही जाळल्या गेल्या. १८७३ साली शाळेच्या वयाच्या मुलांपैकी सुमारे चाळीस टक्के मुलगे आणि जेमतेम पंधरा टक्के मुली पटावर होत्या. सरकारने धोरण अनेकदा बदलले : १८७९ च्या आदेशाने अमेरिकी वळणाचे स्थानिक स्वातंत्र्य दिले, हजेरी घसरू लागताच १८८० मध्ये ते बरेचसे काढून घेतले, आणि अखेर १८८६ मध्ये शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांनी प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, अध्यापक शाळा आणि साम्राज्य विद्यापीठ यांच्यासाठी वेगवेगळे आदेश काढून पुढील साठ वर्षे टिकलेली चौकट घातली. या चौकटीत तळाला चार वर्षांचे सक्तीचे प्राथमिक शिक्षण होते. त्याच्या वर मुलांसाठी निवडक माध्यमिक शाळा व शिखरावर प्रशासनाला माणसे पुरवणारे विद्यापीठ होते, आणि बाजूला, या सगळ्याचा कणा म्हणून, ‘शिहान गाक्को’ म्हणजे अध्यापक घडवणाऱ्या शाळा होत्या, ज्यांत विद्यार्थ्यांचा खर्च सरकार करी आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षे सरकार सांगेल तेथे शिकवण्याचे बंधन घाली. १८९० मध्ये सम्राटाच्या नावाने निघालेल्या शिक्षणविषयक आज्ञापत्राने या व्यवस्थेला राजनिष्ठेचे व कुटुंबधर्माचे नैतिक अधिष्ठान दिले, आणि त्याचीच किंमत जपानी समाजाने पुढे युद्धकाळात मोजली, हेही येथे नोंदवले पाहिजे.

व्यवस्थेच्या यशाचा निर्णायक भाग पैशाचा होता. चीनबरोबरच्या १८९४-९५ च्या युद्धानंतर मिळालेल्या खंडणीतून एक कोटी येन शिक्षणनिधी म्हणून बाजूला काढण्यात आले, आणि १९०० साली सार्वजनिक प्राथमिक शाळांतील फी सामान्यतः बंद झाली. त्याच वर्षी शाळेत दाखल मुलींचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलेले होते. १९०७ मध्ये सक्तीची मुदत चार वर्षांवरून सहा वर्षांवर नेली गेली आणि १९१० पर्यंत मुलगे व मुली दोघांचेही दाखल होण्याचे प्रमाण सत्त्याण्णव टक्क्यांवर पोहोचले. संहिता निघाल्यापासून या टप्प्यापर्यंत यायला अडतीस वर्षे लागली. जपानने एका झेपेत शिक्षण सार्वत्रिक केले, असा जो समज त्या काळच्या हिंदुस्थानात पसरला होता तो या आकड्यांपुढे टिकत नाही. चुका करीत, माघार घेत, पण पाठ न सोडता केलेले ते काम होते.

मुलींच्या वाट्याला प्राथमिक शाळेच्या पुढे जे आले ते वेगळ्या वाटेने आले. १८९९ च्या आदेशाने प्रत्येक प्रांतात मुलींची निदान एक उच्च शाळा, ‘कोतो जोगाक्को’, असावी असे ठरले. परंतु ही शाळा मुलांच्या माध्यमिक शाळेच्या तोडीची नव्हती, तिची मुदत कमी, गणित व परकीय भाषा थोडकी, आणि शिवण, गृहव्यवस्था, नीतिपाठ यांवर भर अधिक असे. चांगली पत्नी व शहाणी माता घडवणे हे सरकारी ध्येय होते. साम्राज्य विद्यापीठांचे दरवाजे मुलींना बंद होते. ईशान्येकडील तोहोकू साम्राज्य विद्यापीठाने १९१३ मध्ये तीन स्त्रियांना प्रवेश दिला, तोच पहिला अपवाद. उच्च शिक्षणाची ही पोकळी खाजगी प्रयत्नांनी भरली : लहानपणी सरकारी खर्चाने अमेरिकेत पाठवल्या गेलेल्या त्सुदा उमेको यांनी १९०० साली इंग्रजी शिकवणारी आपली संस्था काढली, आणि १९०१ च्या एप्रिल महिन्यात टोकियोच्या मेजिरो भागात नारुसे जिन्झो यांचे ‘निहोन जोशी दाइगाक्को’, म्हणजे जपानचे महिला विद्यापीठ, सुरू झाले.

नारुसे यांचा जन्म १८५८ चा, म्हणजे कर्व्यांच्याच वर्षीचा. यामागुची प्रांतातल्या सामुराई घराण्यात जन्मलेला, तरुणपणी ख्रिस्ती झालेला व ओसाका येथील मुलींच्या शाळेत शिकवणारा हा माणूस १८९० ते १८९४ या काळात अमेरिकेत राहून आला, आणि परतल्यावर त्याने १८९६ मध्ये स्त्रीशिक्षणावर एक पुस्तक लिहून विद्यापीठासाठी पैसा व पाठिंबा मिळवण्याची मोहीम उघडली. ओसाकाच्या व्यापारी घराण्याचा कारभार सांभाळणाऱ्या हिरोओका आसाको या कर्तबगार बाईंनी त्यांना साथ दिली, मित्सुई घराण्याने मेजिरोची जमीन दिली आणि ओकुमा शिगेनोबू यांच्यासारखे राजकीय पुढारी पाठीशी उभे राहिले. स्त्रीला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि मग राष्ट्राची घटक म्हणून शिकवावे, हा नारुसे यांचा क्रम होता, आणि या क्रमातले पहिले पद सरकारी ध्येयवाक्यात नव्हते. आरंभी गृहशास्त्र, जपानी साहित्य व इंग्रजी साहित्य असे तीन विभाग निघाले, जोडीला मुलींची उच्च शाळा होती, आणि १९०६ मध्ये बालकमंदिर व प्राथमिक शाळाही त्याच आवारात सुरू झाल्या. तरीही कायद्याच्या दृष्टीने ही संस्था विद्यापीठ नव्हती : १९०३ च्या आदेशानुसार १९०४ मध्ये तिला जो दर्जा मिळाला तो ‘सेम्मोन गाक्को’चा, म्हणजे विशिष्ट विषयांचे उच्च शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयाचा होता. नावात विद्यापीठ आणि सरकारदरबारी महाविद्यालय, अशी ही स्थिती पुढे जवळजवळ अर्धे शतक राहिली.

याच काळात मुंबई इलाख्यातील शिक्षणाची मांडणी अगदी उलट्या दिशेने झालेली होती. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर शिक्षणखाते निर्माण झाले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि मॅट्रिक परीक्षा ही सगळ्या माध्यमिक शिक्षणाची कसोटी ठरली. विद्यापीठ काय मागते यावरून हायस्कुलात काय शिकवायचे ते ठरे आणि हायस्कूल इंग्रजी माध्यमाचे असल्याने मराठी शाळा हा एक वेगळा, आखूड व पुढे न जाणारा रस्ता होऊन बसला. १९११ च्या शिरगणतीत हिंदुस्थानातील स्त्रियांपैकी साक्षर स्त्रिया शेकडा सुमारे एक एवढ्याच निघाल्या. पुण्यात १८८४ साली हुजूरपागेची मुलींची शाळा निघालेली असली तरी ती व तिच्यासारख्या मोजक्या शाळा शहरांपुरत्या होत्या. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडे पसरलेला, पर्जन्यछायेत कायम कोरडा राहणारा जतचा मुलूख तर ब्रिटिश इलाख्याच्या कायद्याखालीही नव्हता. डफळे घराण्याचे हे संस्थान पूर्वी सातारकर छत्रपतींच्या जहागिरदारांपैकी एक होते, आणि मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाविषयी जे काही ठरे ते येथे आपोआप लागू होत नसे. शाळा निघायची की नाही हे दरबाराच्या उत्पन्नावर अवलंबून, आणि उत्पन्न पावसावर अवलंबून. त्यातच या भागातील लोकांची घरची भाषा कुठे मराठी तर कुठे कन्नड, त्यामुळे मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व येथे नुसते उच्चारणे पुरेसे नव्हते. एकाच तालुक्यात दोन भाषांच्या शाळा व दोन भाषांचे शिक्षक लागत.

जपानने केलेले काम हिंदुस्थानात करावे, असा सर्वांत नेटका प्रयत्न गोपाळ कृष्ण गोखले यांनी केला. मार्च १९१० मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडताना आणि १६ मार्च १९११ रोजी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणताना त्यांनी अनेक देशांचे आकडे पुढे ठेवले, आणि त्यांत जपानचे उदाहरण त्यांच्या हाती विशेष उपयोगी होते, कारण आशियातील एक गरीब शेतकरी देश हे करू शकतो हे सरकारी सभासदांना नाकारता येणे कठीण होते. विधेयक अतिशय मर्यादित होते : शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण ठरावीक पातळीला आलेले असेल तेथेच स्थानिक संस्थांनी, सरकारच्या परवानगीने, सक्ती लागू करायची, तीही आरंभी मुलग्यांपुरती, मुलींना पुढे यथावकाश. एवढे करूनही मार्च १९१२ मध्ये ते अडतीस विरुद्ध तेरा मतांनी नामंजूर झाले. ही घटना पुढील सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे, असे म्हणावे लागते. राज्यसत्तेने तळाचे काम हाती घ्यावे ही जी जपानी पद्धतीची पहिली अट, ती हिंदुस्थानच्या सरकारने अमान्य केली. ती मान्य केली ती काही देशी संस्थानिकांनी. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी अमरेली भागात १८९३ मध्ये व सगळ्या राज्यात १९०६ मध्ये सक्ती आणली होती, आणि जतच्या पश्चिमेला असलेल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला. इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये जो कायदा झाला तो नगरपालिकांना फक्त परवानगी देणारा होता.

गोखले व कर्वे यांचा संबंध जुना होता. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी १८९१ मध्ये कर्व्यांना पुण्यात बोलावून घेणारे गोखलेच. तेथे शिकवता शिकवता कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला, त्याबद्दल मुरुड गावचा बहिष्कार सोसला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. १९०७ मध्ये तेथेच महिला विद्यालय सुरू झाले. आश्रमात येणाऱ्या मुली बालविधवा, वय वाढलेल्या, मधली वर्षे वाया गेलेल्या, आणि त्यांना लवकरात लवकर स्वतःच्या पायावर उभे करणे ही गरज होती. इंग्रजी माध्यमातून मॅट्रिक व तेथून मुंबई विद्यापीठाची पदवी हा रस्ता त्यांच्यासाठी इतका लांब होता की क्वचितच एखादी तो पार करी. हा अनुभव वीस वर्षे घेतलेल्या माणसाच्या हाती १९१५ साली टोकियोच्या विद्यापीठाची माहिती आली. त्याच वर्षअखेर मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि अध्यक्षीय भाषणाची तयारी करताना त्या माहितीतून त्यांच्या मनातील विखुरलेल्या विचारांना आकार मिळाला. पुस्तिकेने कर्व्यांना नवी गरज दाखवली नाही, ती त्यांना ठाऊकच होती. एका आशियाई देशात तिच्यावर सरकारच्या मदतीवाचून उपाय योजला गेला आहे, एवढा भरवसा तिने दिला, आणि त्या घडीला त्यांना हवा होता तो भरवसाच.

परिषदेत मांडलेली योजना तीन गोष्टींवर उभी होती. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे व इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकवावा. बहुसंख्य स्त्रियांच्या आयुष्याला जुळणारे गृहशास्त्र, आरोग्यशास्त्र, मानसशास्त्र यांसारखे विषय अभ्यासक्रमात असावेत. आणि हे सगळे सरकारी विद्यापीठाच्या परीक्षांपासून स्वतंत्र असावे. पहिली गोष्ट जपानमध्ये तेव्हा वादाचीच राहिलेली नव्हती, कारण तेथे आरंभीच्या काळात परदेशी अध्यापक आणून उच्च शिक्षण देण्यात आले असले तरी पुढच्या पिढीत जपानी अध्यापकांनी ते जपानी भाषेत नेले होते; हिंदुस्थानात मात्र पदवीपर्यंतचे शिक्षण देशी भाषेतून देणारे विद्यापीठ काढणे हे धाडस होते आणि कर्व्यांच्या योजनेतील सर्वांत दूरदर्शी भाग तोच आहे. महात्मा गांधींनाही मातृभाषेचे माध्यम पसंत होते, त्यांची हरकत होती ती इंग्रजी सक्तीची ठेवण्याला. दुसरी गोष्ट अधिक वादग्रस्त ठरली. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे हलका अभ्यासक्रम, अशी टीका सुधारकांतूनच झाली, आणि गणित ऐच्छिक करणारा हा प्रवर्तक स्वतः अनेक वर्षे गणिताचा प्राध्यापक होता हे पाहता ती टीका सहज बाजूला सारता येत नाही. जपानमध्ये हाच प्रश्न नारुसे यांच्यापुढे होता, व तेथेही चांगली पत्नी व शहाणी माता या सरकारी चौकटीशी तडजोड करूनच संस्था उभी राहिली. दोघांच्याही बाजूने एवढे नक्की म्हणता येते की समोर असलेला पर्याय समान शिक्षणाचा नव्हता, शिक्षणच नसण्याचा होता.

३ जून १९१६ रोजी नव्या विद्यापीठाच्या सिनेटची, म्हणजे नियामक सभेची, पहिली बैठक झाली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती आणि रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू झाले, आणि जुलैमध्ये हिंगण्यास महिला पाठशाळा या नावाचे महाविद्यालय पाच विद्यार्थिनींनिशी उघडले. सरकारी सनद नसल्याने सिनेट निवडण्यासाठी वार्षिक वर्गणी देणाऱ्यांचे मतदारसंघ करण्यात आले. लोकांच्या वर्गणीतून चालणारे व लोकांनी निवडलेले विद्यापीठ, ही रचना जपानी नमुन्यात नव्हती, ती कर्व्यांची स्वतःची होती आणि तिला महाराष्ट्रात लोकांकडून थोडथोडी वर्गणी जमवणाऱ्या पैसा फंडासारख्या चळवळींनी लावलेली सवय उपयोगी पडली असावी. पदव्यांना गृहीतागमा व प्रदेयागमा अशी संस्कृत नावे देण्यात आली. विद्यापीठाला जोडून घ्यायला मुलींच्या शाळा पुरेशा नव्हत्या, म्हणून त्या काढाव्या लागल्या किंवा चालू शाळांना मॅट्रिकचा मार्ग सोडून या मार्गाला वळवावे लागले. शिकवायला बाया नव्हत्या, म्हणून अध्यापिकावर्ग चालवावा लागला. साताऱ्याची कन्याशाळा हिंगण्याच्या संस्थेची शाखा झाली ती याच घडामोडीत, आणि कृष्णाकाठच्या मुलींसाठी हा मार्ग त्यामुळे थोडा जवळ आला. जतच्या मुलींसाठी तो जवळ आला असे म्हणता येत नाही, कारण तेथे अजून तळाच्या इयत्तांचाच प्रश्न होता, आणि विद्यापीठाचे काम प्रामुख्याने मराठी व गुजराती भाषांत चालत असल्याने ज्या घरात कन्नड बोलली जाई त्या घरातील मुलीला मातृभाषेचा लाभही त्यातून मिळाला नसता.

पैशाचा प्रश्न काहीसा सुटला तोही जपानच्याच वाटेने. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जगप्रवासात टोकियोचे महिला विद्यापीठ पाहिले होते, आणि परत आल्यावर १९२० मध्ये त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्के दराने तिचे वार्षिक व्याज ५२,५०० रुपये येई आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव देण्यात आले. मित्सुई घराण्याने मेजिरोत जे केले ते ठाकरसींनी पुण्यात केले, हे साम्य ठळक आहे, पण त्याखालचा फरक अधिक महत्त्वाचा आहे. मेजिरोला येणाऱ्या बहुतेक मुली सार्वजनिक प्राथमिक शाळेतून व सरकारी आदेशाखालील उच्च शाळेतून आलेल्या असत, त्यामुळे मित्सुईंची मदत मुख्यतः वरच्या शिक्षणासाठी वापरता आली. पुण्यात तोच पैसा शाळा, अध्यापिका, पाठ्यपुस्तके व महाविद्यालये यांत वाटला जाई आणि तरी अपुरा पडे. सर विठ्ठलदास १९२२ मध्ये वारले, आणि पुढे १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईला गेले.

कर्वे १९२९ च्या मार्चमध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, परदेशी निघाले. इंग्लंड, जिनिव्हा व डेन्मार्कमधील एल्सिनोर येथील शिक्षणपरिषदांत आपल्या प्रयोगाची माहिती देऊन ते अमेरिकेत गेले, तेथे काही महिने फिरून जपानमार्गे १९३० च्या एप्रिलमध्ये परतले, आणि ज्या विद्यापीठाच्या छापील माहितीने चौदा-पंधरा वर्षांपूर्वी त्यांना वाट दाखवली होती ते त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. नारुसे १९१९ मध्येच वारलेले होते. १९१६ मध्ये, म्हणजे कर्व्यांचे विद्यापीठ निघाले त्याच वर्षी, रवींद्रनाथ टागोरही मेजिरोला येऊन गेले होते. 

जपानहून आल्यानंतर सहा वर्षांनी, १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. जिल्हा लोकल बोर्डाची शाळा जेथे नाही अशा खेड्यांत प्राथमिक शाळा काढायच्या, हा त्याचा उद्देश. आरंभीचा पैसा म्हणून त्यांनी आपल्या सत्तर रुपये निवृत्तिवेतनातील दरमहा पंधरा रुपये बाजूला काढले आणि पुन्हा दारोदार वर्गणी मागायला सुरुवात केली. मंडळाच्या शाळा हळूहळू चाळिसाच्या घरात गेल्या. चरित्रकार हे काम विद्यापीठानंतरचा एक किरकोळ उपक्रम म्हणून सांगतात, पण शिक्षणव्यवस्थेच्या दृष्टीने पाहता ते किरकोळ नाही. विद्यापीठापासून सुरुवात करून, मग शाळा, मग अध्यापिका, आणि शेवटी खेड्यातील पहिली इयत्ता, असा कर्व्यांचा उलटा प्रवास येथे पूर्ण झाला. जपानी शासनाने १८७२ मध्ये जेथून आरंभ केला तेथे हा माणूस आयुष्याच्या संध्याकाळी, सत्ता व खजिना हाती नसताना, येऊन पोहोचला. याच वर्षांत सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील रयत शिक्षण संस्थेद्वारे वसतिगृहे व खेड्यांतील शाळा चालवीत होते, आणि त्यांची वाट मात्र आरंभापासूनच खालून वर जाणारी होती. दक्षिण महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबांतील मुलांवर या दुसऱ्या वाटेचा परिणाम अधिक खोल झाला, हे मान्य करायला हवे.

स्वातंत्र्याच्या सुमारास दोन्ही देशांत कायद्याने चौकटी बदलल्या. जपानमध्ये १९४७ च्या मूलभूत शिक्षण कायद्याने व शाळा शिक्षण कायद्याने सहा वर्षे प्राथमिक, तीन वर्षे कनिष्ठ माध्यमिक, तीन वर्षे वरिष्ठ माध्यमिक व चार वर्षे विद्यापीठ अशी रचना ठरली, त्यांतील पहिली नऊ वर्षे सक्तीची झाली, मुलींसाठीची वेगळी, आखूड वाट मोडीत निघाली, आणि १९४८ मध्ये नारुसे यांच्या संस्थेला सत्तेचाळीस वर्षांनी विद्यापीठाचा कायदेशीर दर्जा मिळाला. मुंबईच्या कायदेमंडळाने १९४९ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा कायदा संमत केला आणि १९५१ पासून त्याच्या पदव्यांना इतर विद्यापीठांच्या पदव्यांची बरोबरी मिळाली. खेड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा, ज्याने सक्तीची जबाबदारी जिल्हा शाळा मंडळांवर सोपवली. श्रीमंत विजयसिंहराव डफळे यांचे जत संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, पुढच्या वर्षी नव्याने केलेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात जत हे तालुक्याचे ठिकाण झाले, व १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. विलीन झालेल्या संस्थानांना इलाख्याचे कायदे लागू होत गेले तसा जतच्या खेड्यांतही प्राथमिक शाळा हा दरबाराच्या मर्जीचा विषय न राहता सरकारच्या कर्तव्याचा विषय झाला, आणि जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांबरोबर कन्नड शाळाही या तालुक्यात चालू लागल्या व आजही चालू आहेत. कोल्हापूरच्या श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेचे राजे रामराव महाविद्यालय जतमध्ये निघाले ते या शाळांचे जाळे पसरल्यानंतर, आणि त्यात येणाऱ्या मुलींपैकी अनेकींच्या घरातील पदवीपर्यंत पोहोचलेली पहिली स्त्री त्या स्वतःच होत्या.